टाके मारलेली मतपेटी

शाळेच्या स्टेजवर, सगळ्या आईबापांसमोर, चेअरमनने माझ्या कानाखाली वाजवली. सातवीतली माझी रुबीना तिसऱ्या रांगेत बसली होती. कानात शिट्टी वाजत होती, तरी त्याचं बोलणं नीट ऐकू आलं.

"वेल्डर अब स्कूल चलायेगा?"

मी फक्त एक प्रश्न विचारला होता.

मी मूळचा रत्नागिरीचा. आखातात, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात, एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचो. शाळेने आमच्या भागाची बस बंद करायचं ठरवलं. बस गेली की रुबीनाची शाळा खलास, तिला गावी पाठवायची. बोर्डावर सगळे चेअरमनने नेमलेले. दारात ड्रायव्हर उभा असणारे. त्यांना बसचं काय पडलंय! आम्ही बोंब मारली, तेव्हा कुठे निवडणूक कबूल झाली. मी उभा राहिलो.

लोखंडी पत्र्याची मतपेटीही मीच बनवली. फुकट. कुलूप लावलं तर चावी कुणाकडे, यावरून भांडण. म्हणून मतं पडल्यावर फटीवर पट्टी ठेवली आणि सगळ्यांदेखत पट्टीला, झाकणाला वेल्डिंगचे टाके मारले. आतले कागद जळू नयेत म्हणून हलके. मोजणीच्या सभेत मीच कापायचे, असं ठरलं.

त्या शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घातला, गाडीत लोखंड कापायचा ग्राइंडर टाकला आणि गेलो. वाटलं, मला पुकारतील. चेअरमनने पट्ट्याचा पेजर सारखा केला, खिशातून यादी काढली, नव्या बोर्डाची नावं वाचली. सगळी जुनीच. टाळ्या! पेटी टेबलावर तशीच. माझा एकही टाका तुटलेला नव्हता.

मी स्टेजवर चढलो. "साब, पेटी तो बंद है. गिना किसने?"

त्यावर ती थप्पड.

मग तो माईकवर म्हणाला, "स्कूल पढ़े-लिखे लोग चलाते हैं. तेरे मालिक को बोलके तेरा वीजा कल कॅन्सल."

"तो वोट डालने को क्यों बोला?"

खालून रुबीना रडत म्हणाली, "अब्बा, प्लीज, लेट्स गो." पोरीला माझी लाज वाटत होती. माझी! डोकंच फिरलं.

मी गाडीकडे गेलो. मागे हशा पिकला. ग्राइंडर घेऊन परत आलो, माईकची वायर उपटली, तिथे प्लग खुपसला. चेअरमनने माझी कॉलर धरली. मी ग्राइंडर चालू केला. त्याने कॉलर सोडली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी त्याच्या हातावरूनच फिरवावासा वाटला होता. पण पेटीवर टेकवला. ठिणग्या पुढच्या रांगेपर्यंत उडाल्या. साहेबलोक खुर्च्या सोडून पळाले. झाकण लाथेने उडवलं.

"रुबीना, वर ये. एकेक चिठ्ठी मोठ्याने वाच."

ती उठेना. मग डोळे पुसत आली. काही चिठ्ठ्यांच्या कडा करपल्या होत्या. दारातून दोन वॉचमन धावत येत होते. मी ग्राइंडर हातात धरून तिच्यापुढे उभा राहिलो.

"अब्बा, दे विल सेंड अस बॅक."

"पाठवू देत. व्हिसा उद्या जाईल. मोजणी आज होणार. वाच."