उलटा टांगलेला कागद

मी आज जो काही आहे तो आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडिलांची पिठाची गिरणी होती आणि बारावीनंतर मीही तिथेच उभा राहणार, हे ठरलेलं होतं. सर एके सकाळी दळण घेऊन आले, डबा खाली ठेवला आणि वडिलांना म्हणाले, "याला कॉलेजात घालतोस, की मी रोज येऊन तुझ्या दारात बसू?" वडिलांनी घातलं. बी.एस्सी. झाल्यावर एक्स-रेच्या डिप्लोमाचा फॉर्मही सरांनीच आणून दिला. उन्हाळ्याच्या सुटीत ते आम्हा चार-पाच जणांना मोडी शिकवायचे. बाकीचे विहिरीवर पोहायला पळाले. मी मात्र बसून राहिलो, तेही आवडीपेक्षा भिडेपोटी. अक्षरं ओळखण्यापर्यंत माझी मजल गेली. सलग वाचणं काही जमलं नाही.

१९९० च्या सुरुवातीला मी कुवेतला एका रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागलो. राहायला जलीबमध्ये, एका खोलीत पाच जण. बाकीचे चौघं कोकणातले, सुतारकाम आणि रंगकामाच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेले. मी घाटावरचा, त्यात शिकलेला, म्हणून त्यांनी मला पहिल्याच दिवशी 'डॉक्टर' करून टाकलं. भात करपला की "आज डॉक्टरांची पाळी होती" असं म्हणायचे.

मार्चमध्ये गुडघ्याचा एक्स-रे काढायला एक कुवेती आजोबा आले. मी हिंदीत "हिलना मत" म्हटलं, तर ते टेबलावर पडल्या पडल्याच म्हणाले, "अरे भाई, इस उमर में कौन हिलता है?" तरुणपणी ते व्यापारासाठी सहा वर्षं मुंबईत राहिले होते. फिल्म धुऊन येईपर्यंत गप्पा झाल्या. त्यांनी विचारलं, "अक्षर कसं आहे तुझं?" मी म्हटलं, शाळेतले फळे मीच लिहायचो. "मग शुक्रवारी ये. पगार नाही, चहा मिळेल."

असा मी त्या संग्रहालयात गेलो. सबाह अल-सालेममधल्या त्यांच्या घराचा दिवाणिया, म्हणजे पुरुष मंडळींची बाहेरची बैठकीची खोली, त्यांनी रिकामी केली होती. भिंतीकडेनं जुन्या कुवेतच्या वस्तू मांडल्या होत्या: मोती काढणारे पाणबुडे नाकाला लावायचे ते चिमटे, शिंपल्यांच्या जाळीच्या टोपल्या, पितळी खिळ्यांची सागवानी पेटी, गलबतावरचे कंदील. सगळं काम शुक्रवारी येणाऱ्या हौशी माणसांवर चालायचं. त्यात शिस्त होती ती एका जर्मन बाईंची. त्यांचे यजमान तिथे इंजिनिअर होते. जर्मनीत त्यांच्या गावीही गावाच्या इतिहासाचं असंच बिनपगारी संग्रहालय होतं आणि त्यात एक निवृत्त ट्रामचालक, दोन शिक्षिका आणि एक पाववाला काम करत, असं त्या अभिमानानं सांगत. त्यांचा नियम एकच. प्रत्येक वस्तूला कार्ड, आणि कार्डावर फक्त खरं तेच. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायचं, तेही पेन्सिलीनं. इंग्रजी कार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

खोलीतले चौघं हैराण झाले. "सुट्टीच्या दिवशी फुकट काम करतंस? तुका झालां काय?"

"चहा मिळतो," मी म्हटलं.

"चाय हयसर नाय गावत?"

पहिल्या महिन्यात मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेले शब्द 'माहीत नाही' हेच. आजोबा कळवळून म्हणायचे, "माझ्या बहिणीला सगळं ठाऊक आहे. टोपली कुणाची, पेटी कुठल्या गलबतानं आली, सगळं. पण ती आत पाऊल टाकत नाही."

बहीण त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी, त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. रागाचं कारण भिंतीवरच होतं: काचेच्या चौकटीतला एक पिवळा कागद. त्यांचे वडील गलबतावर खलाशी होते. त्यांच्या मागे पेटीत हा कागद सापडला आणि तो कुणालाच वाचता येईना. लिपी अरबी नाही, फारसीही नाही. वडील हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर जायचे आणि एकदा तर चार-पाच महिने तिकडेच राहिले होते. त्यावरून आईनं ठरवून टाकलं, की हा तिकडच्या लग्नाचा कागद. आई त्यावरून शेवटपर्यंत रडली, असं बहिणीचं म्हणणं. आणि भावानं तोच कागद भिंतीवर, पाहुण्यांसमोर लावला होता.

मी जवळ जाऊन पाहिलं. ओळीखाली रेघ, रेघेवर नागमोडी अक्षरं. कुठे तरी पाहिल्यासारखं वाटत होतं, पण लागत नव्हतं. आमच्या कामात एक चूक नेहमी होते: घाईत कुणीतरी फिल्म उलटी लावतं आणि मग सगळे डॉक्टर भलतंच बघत उभे राहतात. त्या सवयीनं मी मान वाकडी केली. मग चौकटच भिंतीवरून उतरवली आणि फिरवली. रेघ वर गेली, अक्षरं खाली लोंबायला लागली. मोडी! अरबी लिपी ओळीवर बसते, म्हणून रेघ खाली पाहिजे असं धरून आजोबांनी कागद टांगला होता.

"पढ़ के बता," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

मला वाचता आलं ते एवढंच: 'पाय', 'मातोश्री', आणि एक शब्द जो मला 'लग्न' वाटला. तो मी मोठ्यानं उच्चारला आणि अर्थही सांगितला. त्याच वेळी अंगणाच्या दारातून "पाहिलंस?" अशा अर्थाचं काहीतरी अरबीत ऐकू आलं. बहीण उंबऱ्याबाहेर उभी होती, काळ्या पायघोळ अबायात, काठी टेकून. भावाकडे न बघता ती माझ्याशी बोलू लागली आणि भाऊ खालमानेनं हिंदीत सांगत गेला.

"ती म्हणते, त्या तिकडच्या बाईचं नावसुद्धा आम्हाला माहीत आहे. बाप उठता-बसता तिचं नाव घ्यायचा. आईसमोर. गुडघ्यावर हात ठेवून उठायचा आणि म्हणायचा, आईगा."

"काय?"

बहिणीनं स्वतःच सांगितलं, खणखणीत: "आई-गा!"

मला हसू आवरेना. हसायला नको होतं, पण आलं. मी सांगू लागलो, की अहो, हे बाईचं नाव नाही, आमच्याकडे कुठे दुखलं की लहानथोर सगळे 'आई गं' म्हणतात, आई म्हणजे माँ, उम्म. भावानं ते तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे, मग भावाकडे पाहिलं.

"ती विचारते, असं बोलायला याला चहाशिवाय आणखी काय देतोस?"

आणि ती वर निघून गेली. मी घोळ वाढवून ठेवला होता. जर्मन बाईंनी सगळं समजून घेतलं आणि कार्डावर 'लग्नासंबंधी?' लिहायला निघालेला माझा हात धरला. "एक शब्द कळला म्हणजे कागद कळला नाही," त्या म्हणाल्या. कार्डावर पेन्सिलीनं 'माहीत नाही' एवढंच राहिलं.

मी रुग्णालयातली एक खराब, धुऊन पारदर्शक झालेली एक्स-रे फिल्म आणली आणि ती कागदावर ठेवून बारीक पेनानं अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. दोन शुक्रवार लागले. जुलैत रजेवर गावी आलो तो ती गुंडाळी घेऊनच.

सरांनी ती खिडकीच्या काचेला लावली आणि उभ्यानंच वाचली. मध्येच मला टपली मारली. "लग्न कुठलं, गाढवा? 'लंगडा' आहे तो. ड नीट शिकला असतास तर!"

त्याचं साध्या मराठीत उतरवून घेतलेलं मी आजही वाचतो. कोकणातल्या एका बंदरावरच्या गृहस्थानं कुवेतच्या एका नाखव्याला, म्हणजे गलबताच्या कप्तानाला, लिहिलेलं पत्र होतं. तुमचा खलाशी पाय मोडून आमच्याकडे राहिला. हाडवैद्यानं पाय बांधला, तरी थोडा लंगडा राहील. आमच्या मातोश्रींनी त्याचं सर्व केलं. आमचं कालवण त्यास तिखट लागतं, खजुराची आठवण काढतो. भाषा शिकला नाही, एवढंच शिकला, की दुखलं म्हणजे आईला हाक मारतो, आणि मातोश्री समजतात, की मलाच हाक मारली, आणि उठून जातात. वर्षभर त्यास डोलकाठीवर चढवू नये.

परतीचं तिकीट ऑगस्टच्या मध्याचं होतं. दोन तारखेला रेडिओवर बातमी आली, की इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. पुढचं वर्ष मी गावीच काढलं, तालुक्याच्या दवाखान्यात. खोलीतले चौघं जॉर्डनच्या वाटेनं सुखरूप परतले, पत्रं आली. आजोबांचं काहीच कळलं नाही. बहीण ऐंशीच्या घरात होती. तिच्या आईच्या शंकेचं उत्तर माझ्या ट्रंकेत पडून होतं आणि ते पोचवायला उशीर होईल, ही एकच भीती मला असायची.

१९९१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर रुग्णालयानं परत बोलावलं. पहिल्याच शुक्रवारी सबाह अल-सालेम गाठलं. आजोबांनी दारातच मिठी मारली. लढाईच्या वेळी ते परदेशी अडकले होते. बहीण मात्र घरातच होती. दिवाणियात सैनिक राहून गेले होते. पेटी नव्हती, कंदील नव्हते, भिंतीवर नुसता खिळा होता. कोपऱ्यात थोड्या टोपल्या आणि चिमटे उरले होते. जर्मन बाई मायदेशी गेल्या होत्या.

"कागद?" मी विचारलं.

"गेला असणार. तिला विचारायची हिंमत माझ्यात नाही."

बहीण जिन्यावरून उतरत होती. आमच्या बोलण्याचा विषय तिनं ओळखला असावा. सावकाश आली आणि अबायाच्या आतून एक कापडी पुडकं काढून माझ्या हातात दिलं. कागद होता, चौकटीशिवाय.

"ती म्हणते," आजोबा म्हणाले आणि थांबले, कारण हे त्यांनाही नवं होतं, "पहिल्याच रात्री काढून ठेवला. तांदळाच्या डब्यात. म्हणते, भांडण आमच्या घरातलं आहे, परक्यांनी येऊन ते का घेऊन जावं?"

मग तिनं काठीनं माझ्याकडे खूण केली. वाच.

त्या रात्री सरांना लिहिलेलं पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. पुढे ते मला परत दिलं. ते असं:

तीर्थरूप सरांच्या चरणी सा. नमस्कार.

तुम्ही वाचलेला कागद आज वाचून दाखवला. मी मराठीत वाचायचो, हिंदीत सांगायचो, आणि आजोबा अरबीत. 'लंगडा' आल्यावर मी आधी माझी चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, पुढे. मातोश्री उठून जातात, तिथे त्यांनी थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. चौथ्या वेळेला भावाला गप्प बसवून त्यांनी मला एकट्यालाच म्हणायला सांगितलं: आई गं. नीट, दुखतं तसं. मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, हाच आवाज.

रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या आईला हे सांगणारं कुणी भेटलं नाही." नंतर त्यांनी विचारलं, की वर्षभर चढवू नये असं लिहिलं होतं, तर मग बाप पुढच्याच मोसमात डोलकाठीवर चढला कसा? नाखव्याचं पत्र बापाच्याच पेटीत कसं? आजोबा म्हणाले, बापानं ते दिलंच नसेल. त्यावर दोघंही इतके हसले, की मला पाणी आणावं लागलं.

त्या आज उंबऱ्याच्या आत येऊन बसल्या. उरलेल्या टोपल्यांपैकी एक कुणाची, चिमटे कशाचे, हे आज सांगितलं. माझी तीन कार्डं खोडली आणि भावानं माहिती दिलेली सगळी. आजोबा मला हळूच म्हणाले, बाहेर होती तेव्हा बरी होती. कागदाच्या कार्डावर मी शाईनं लिहिलं आहे, की हे पत्र महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी वाचलं. त्या मातोश्रींचं नाव काय, असं त्यांनी विचारलं. कागदात नाही, असं मी सांगितलं. तेवढ्यापुरतं पेन्सिलीनं 'माहीत नाही' आहे.

खजूर पाठवत आहे, ते त्यांनी दिलेले आहेत. काकूंना नमस्कार. सुटीत आलो की ड पासून शिकवा.

आपला विद्यार्थी