उभं राहायचं काम चपलेचं

“उभं राहायचं काम चपलेला सांगा, तुम्ही बसा.”

हे म्हणताना आमच्या चाळीतले काका आधी स्वतःच्या पायातली निळ्या पट्ट्यांची स्लीपर काढून रांगेत ठेवायचे, बोटाने तिचं नाक सरळ पुढे करायचे आणि मगच मान वर करायचे. परळच्या एका इस्पितळात ते केसपेपरच्या खिडकीमागे नोकरीला होते. खिडकीसमोर सकाळपासून माणसांची शेपटी. तापाने फणफणलेली, पोटुशी, म्हातारी. एकदा एक बाई त्यांच्या डोळ्यांदेखत भोवळ येऊन पडली. त्या दिवसापासून त्यांनी रांगेत चपला ठेवायला लावल्या आणि माणसांना भिंतीशी सावलीत बसवलं. रांग पुढे सरकली की स्वतः बाहेर येऊन चपला सरकवायचे. मी पाहिलंय हे. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

मला तेव्हा कशाचंही हसू यायचं म्हणा. मी गिरगावची, आणि भोईवाड्यात दिलेली. तोरा असा, की जणू परदेशी दिलीय. गिरगावात आम्ही काही राजवाड्यात राहत नव्हतो, तिथेही चाळच. पण तिथे आमच्या जिन्याला नक्षी होती, आणि त्या नक्षीच्या जोरावर मी भोईवाड्यात आठ वर्षं नाक वर करून वावरले. शिवाय फोर्टात टायपिस्ट होते. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. पाण्याला जाताना लिपस्टिक लावणाऱ्या.

पाणी पहाटे पाचला यायचं. आमच्या मजल्याला एकच नळ. ते साडेचारला उठून सगळ्यांचे हंडे क्रमाने लावून ठेवत. कोणाकडे तान्हं मूल, कोणाची गिरणीत पहिली पाळी, कोणाकडे पाहुणे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्याप्रमाणे हंडे मागेपुढे होत आणि कोणी हूं की चूं करत नसे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. चाळीतली पोरं पाठीमागे ‘नंबरवाले’ म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

पण या नंबरवाल्यांच्या घरातच एक नंबर चुकलेला होता. काकी मालवणकडची. चौदा वर्षांची असताना गावच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत उभी राहिली होती. तिचा नंबर आला आणि नेमकी बापाने हाक मारली, होडी सुटतेय म्हणून. ती तशीच परत गेली, आणि पुढे लग्न होऊन मुंबईला आली. काकांना हे कळलं त्या दिवसापासून त्यांना ते खुपत होतं.

“अख्ख्या जगाचे नंबर लावतो मी, आणि माझ्या घरातल्या माणसाचा चुकलेला,” ते म्हणायचे. “लावून देणार.”

आता तुम्ही म्हणाल, प्रभादेवीची जत्रा काय लांब आहे, तिथे दरवर्षी पाळणा येतो. मी हेच म्हटलं होतं. त्यावर काकांनी हात उडवला. “तो काय पाळणा, पाटाएवढा. एवढी वर्षं थांबलीय ती. बसेल तर सगळ्यात मोठ्यात.”

तर सगळ्यात मोठा पाळणा होता शहराबाहेरच्या एका मनोरंजन उद्यानात. दिवाळीच्या सुट्टीत चाळीची सहल ठरली. बस केली. काकांनी बसमध्ये उभं राहून सांगितलं, “कोणी पाण्यात डुंबा, कोणी झोपा. एकच काम चुकवायचं नाही. हिला आकाशपाळण्यात बसवायचंय.” काकी पदराआड हसत होती. त्या दिवशी तिने वेणीत अबोलीचा गजरा माळला होता आणि नवी कोरी पिवळी साडी नेसली होती.

मी काय घातलं होतं ते विचारू नका. बरं, सांगते. दोन इंचांच्या टाचेच्या सँडल, काळा गॉगल आणि भावाने पाठवलेला सिल्कचा रुमाल, गळ्याभोवती. नोव्हेंबरच्या उन्हात.

उद्यानाच्या दाराशीच पहिला घोटाळा. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. आमच्याकडे पातेलंभर वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. टाकून कोण देणार? सकाळी साडेनवाला अख्खी चाळ फुटपाथवर मांडी घालून बसली आणि दुपारचं जेवण जेवली. मी दहा पावलं लांब उभी राहून बोर्ड वाचत होते. बोर्डावर चारच ओळी होत्या.

आत मुंगीला वाट नव्हती. जिथे बघावं तिथे पाठी. एक झोका बंद, दुसऱ्यावर पोरांचे घोस लोंबकळलेले. पाण्याचा तलाव म्हणजे माणसांची भाजी, वर थोडा रस्सा. आमच्यातल्या तिघांनी सकाळभर रांग लावून जे काही मिळवलं ते निघालं स्वच्छतागृह. आकाशपाळण्याची रांग तर लोखंडी कठड्यांतून वळसे घेत थेट बाहेरच्या रस्त्यापर्यंत. किमान दोन तास. वर ऊन, आणि काकीचे गुडघे आधीच दुखरे.

काकांनी ती रांग बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद क्वचित पाहिलाय. त्यांचंच मैदान होतं ते.

“उभं राहायचं काम चपलेला सांगा,” ते म्हणाले.

आणि सांगितलं की लोकांनी. बावीस जोड. कोणाच्या स्लीपर, कोणाच्या कोल्हापुरी, काकीची मखमली पट्ट्याची चप्पल सगळ्यात पुढे. चपला एकामागे एक, नाकं पुढे. माणसं पलीकडे वडाखाली अनवाणी बसली. आजूबाजूचे लोक आधी हसले, मग त्यांतल्या दोघातिघांनी स्वतःच्याही ठेवल्या. काका दर दहा मिनिटांनी चपला सरकवत होते.

“तुझ्या पण ठेव गो.”

“नको काका. मी उभी राहते,” मी म्हटलं. दोन इंचांच्या टाचा रांगेत ठेवायच्या म्हणजे काय.

दीड तासाने रांग अगदी तोंडाशी आली. पुढे पंधराएक माणसं उरली असतील. काका म्हणाले, “मी सगळ्यांना घेऊन येतो. काकीला चालायला वेळ लागेल. पाच मिनिटं लक्ष ठेव. कोणी विचारलं तर सांग, आमच्या आहेत.”

ते गेले, आणि माझ्या मागून आवाज आला, “अय्या, तू इथे?”

आमच्या ऑफिसातली साहेबांची सेक्रेटरी. नवऱ्याबरोबर. तिच्याही डोळ्यांवर गॉगल. मी हसले, रुमाल सारखा केला. तेवढ्यात उद्यानाचा रखवालदार आला आणि काठीने त्या रांगेकडे दाखवून म्हणाला, “ये चप्पल किसकी है?”

सेक्रेटरीने चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पता नहीं,” मी म्हटलं.

दोनच शब्द. त्याने एक गोणी आणवली आणि सगळे जोड तिच्यात भरून नेले. मागची रांग पुढे सरकली, जणू तिथे कधी काही नव्हतंच.

काका आले. मागे अनवाणी बावीस माणसं, तापलेल्या फरशीवर बगळ्यासारखे पाय उचलत. काकांच्या दंडाला धरून काकी.

“नंबर खंय गेलो?” काकीने विचारलं.

“मी जरा पाणी प्यायला गेले होते,” मी म्हटलं. एकदा सुरुवात केली की दुसरं सुचतंच.

पुढचा तास उद्यानाच्या कचेरीत गेला. गोणी जमिनीवर ओतली. निम्म्या चपला निळ्या पट्ट्यांच्या, सगळ्या एकसारख्या. तळमजल्यावरचे एक आजोबा दोन डाव्या घालून घरी आले आणि वर्षभर त्याच वापरल्या. हे सगळं आटपून आम्ही पाळण्याशी पोचलो तर रांगेचं तोंड साखळीने बंद. शिट्टी झाली होती. वर शेवटची माणसं फिरत होती.

काकी मान वर करून बघत राहिली. गजरा सुकून कानाशी आला होता.

“खालसून पण सगळा दिसता,” ती म्हणाली.

 परतीच्या बसमध्ये काकांनी नुसती डोकी मोजली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. मला मात्र काकीने खिडकी दिली. माझा चेहरा उतरलाय म्हणाली.

सगळ्यात मोठी गंमत पुढे. बावीस अनवाणी माणसांपैकी कोणाच्या पायाला काही झालं नाही. फोड आले ते एकटीला, सँडलवालीला. रात्रीचं जेवण व्हायच्या आत काकी खोबरेल तेलाची वाटी घेऊन दारात. “पाय हयसर कर,” म्हणाली आणि माझा पाय मांडीवर घेऊन तेल लावायला लागली. तिच्या मांडीवर ती पिवळी साडीच होती अजून.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर मी काकांना सगळं सांगितलं. ऑफिसातली बाई, गॉगल, पता नहीं, पाणी प्यायला गेले तेही. ते हंड्याखाली चुंबळ सारखी करत होते. ऐकून घेतलं.

“बरं,” म्हणाले. बस.

त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा हंडा सगळ्यात शेवटी. तिसऱ्या दिवशीही. आठ दिवस माझा नंबर येईपर्यंत नळाची धार करंगळीएवढी व्हायची, आणि मी फोर्टात उशिरा पोचायचे. कोणाला काही सांगितलं नाही त्यांनी, काकीलाही नाही. नवव्या दिवशी हंडा पुन्हा तिसरा, नेहमीच्या जागी. मी हंड्याला हात लावून तिथेच बसले थोडा वेळ.

पौषात प्रभादेवीची जत्रा लागली. मी काकांना म्हटलं, “आज नंबर मी लावते.” ते पाटाएवढा वगैरे म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. मी त्याच सँडल पाळण्याच्या रांगेत ठेवल्या, टाच मागे, नाक पुढे, आणि बाजूला खाज्याच्या दुकानाशी अनवाणी उभी राहिले. पाळणेवाला ओरडला, “ये सँडल किसकी?”

“माझी,” मी म्हटलं. “माझ्या काकीचा नंबर आहे तो.” अर्धी जत्रा वळून बघायला लागली. बघू दे.

दोघं बसली. पाळणा वर गेला, आणि एवढ्या वर्षांचा तो हट्टी माणूस दांडीला मिठी मारून डोळे गच्च मिटून बसला. काकी मात्र मोकळ्या हाताने एकेक दाखवत होती, समुद्र, देवळाचा कळस, खाली मी. उतरल्यावर काका घाम पुसत म्हणाले, “झालं? लागला नंबर?”

“एक फेरी अजून,” काकी म्हणाली.

“मग चप्पल तुझी तूच ठेव,” ते म्हणाले आणि खाजं घ्यायला गेले. ती खरंच पुन्हा बसली. माझ्याबरोबर.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. नळ घराघरात, पाणी चोवीस तास. काकांना सुरुवातीला पहाटे साडेचारला काय करावं कळेना. मग लिफ्टपुढे गर्दी होते हे त्यांच्या लक्षात आलं. सोसायटीने नोटीस लावली, लिफ्टसमोर पादत्राणे ठेवू नयेत. काका नोटिशीच्या खालीच स्लीपर ठेवायचे.

गेल्या महिन्यात ते गेले. झोपेत, कोणाला न थांबवता. तेराव्याला मी सकाळीच त्यांच्याकडे गेले, काकीच्या मदतीला. दुपारी बाहेर आले तर दारापुढे चपलांचा हा ढीग. उलट्यासुलट्या, एकमेकांच्या अंगावर. मला बघवेना. अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर हात टेकत वाकले आणि एकेक जोड लावत गेले. दारापासून लिफ्टपर्यंत, एकामागे एक, नाकं पुढे.

काकी काठी टेकत दारात आली. “काय करतंस गो?”

“नंबर लावतेय.”

तिने काठीने सगळ्यात पुढचा जोड दाखवला. “ह्यो कोणाचो?”

बघते तर माझाच. सकाळी पहिली मीच आले होते ना. म्हणजे काकांच्या पाठोपाठ जायला मी. मी तो जोड पटकन उचलला आणि लिफ्टशी, सगळ्यात शेवटी नेऊन ठेवला.

“शेवटच्या नंबराची सवय आसा तुका,” काकी म्हणाली.

 काका कधी बोलले तिला, कोण जाणे. तिच्या तोंडाचं बोळकं हसत होतं. ती आत गेली, निळ्या पट्ट्यांच्या स्लीपर घेऊन आली आणि माझ्या रिकाम्या झालेल्या जागेवर ठेवल्या. काठीच्या टोकाने त्यांचं नाक सरळ केलं.

“ह्यांचो लागलो,” म्हणाली.