सहा दिवसांची गैरहजेरी

आमच्या मेडिकल कॉलेजात हजेरीचा कारकून एकच. खरं नाव फक्त पगारपत्रकात. मुलं त्यांना टक्केकाका म्हणतात. वॉर्डातली हजेरी ऐंशी टक्के नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि ते टक्के काढणार हे. त्यातही ज्या विभागात नेमणूक असेल तिथलीच हजेरी धरायची. मैत्रिणीने मैत्रिणीसाठी केलेली सही काका अक्षरावरून ओळखतात. त्यांच्यापुढे रडून काही उपयोग नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक आहे.

मी समोरच्या टेबलावर पत्रं टाइप करते. एकोणीस वर्षं आम्ही समोरासमोर बसतो, आणि त्यांच्या घरी एक म्हातारी आई आहे हे मला ती आजारी पडली तेव्हा कळलं. यावरून माणूस ओळखा.

आईला आमच्याच हॉस्पिटलात ठेवलं होतं, तिसऱ्या मजल्यावर, मेडिसिनच्या वॉर्डात. मी म्हटलं, "अहो, जाऊन या की वर. इथलं मी बघते."

"कामाची वेळ आहे," ते म्हणाले.

असा संताप आला होता! साडेपाचला ते पेनाला टोपण लावायचे आणि मग जिना चढायचे. भेटीची वेळ सहापर्यंत. म्हणजे आईच्या वाट्याला रोजचा अर्धा तास. अकराव्या दिवशी सकाळी वरून फोन आला. काका पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी ते कामावर हजर. डबा उघडायचे, बघायचे, तसाच मिटायचे. सुट्टीच्या दिवशीही येऊन बसतात, असं चौकीदाराने सांगितलं. घरी बोलायला आता भिंतीच होत्या. मला फार वाईट वाटायचं, पण विचारायचं धाडस झालं नाही. मीही काही कमी घुमी नाही.

परीक्षेआधी एक मुलगी आली. नेत्रविभागात चोवीस दिवसांपैकी अठरा दिवस हजर. पंचाहत्तर टक्के. परीक्षा हुकली असती आणि आख्खं वर्ष वाया गेलं असतं.

"काका, मी वॉर्डातच होते," ती म्हणाली. "फक्त डोळ्यांच्या नाही. आधीची नेमणूक मेडिसिनला होती. तिथल्या एक आजी मला सोडायच्याच नाहीत. म्हणून ते सहा दिवस सकाळी मी तिथेच बसले. त्या गेल्या त्या दिवसापर्यंत."

"नेमणूक बदलली की बदलली," काका मान वर न करता म्हणाले. "खाट कोणती?"

"बारा."

काकांचं पेन थांबलं. मुलीला काहीच माहीत नव्हतं, ती आपली बोलत राहिली.

"सारख्या दाराकडे बघायच्या हो. मुलगा ऑफिसात आहे, येईल म्हणायच्या. मी म्हणायचे, निघालेत आजी, येतच असतील. खोटंच."

"शेवटच्या दिवशीही?"

"हो. तेव्हाही तेच सांगितलं."

काकांनी पेनाला टोपण लावलं. मग काका म्हणाले, "अर्ज लिही. वॉर्डच्या सिस्टरांची सही आण. सहा दिवस भरून काढायला परवानगी मिळते का बघतो." ती गेली. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलत होते. एकोणीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नावाने हाक मारली. त्यांनी नुसता हात वर केला.

दुपारी त्यांनी अधिष्ठात्यांच्या नावे शिफारसपत्राचा मजकूर आणून दिला. मी टाइप करत गेले. सदर विद्यार्थिनी ते सहा दिवस खाट क्रमांक बाराच्या रुग्णाजवळ हजर होती. त्याखाली आणखी एक ओळ होती: रुग्णाचा मुलगा, म्हणजे मी, याच इमारतीत असूनही गैरहजर होतो.

"एवढं लिहायची गरज नाही हो," मी म्हणाले. "परवानगी तशीही मिळेल."

"मिळेल," ते म्हणाले. "ओळ राहू द्या."