तात्यांच्या गाडीची थरथर

गॅरेजात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. नखातलं ग्रीस कसं कितीही घासलं तरी जात नाही, तसंच. गाडीची तक्रार एक असते, मालक दुसरीच सांगतो, आणि मागं बसलेल्या माणसाची तिसरीच असते! मी साताऱ्यात नानामेस्त्रींच्या गॅरेजात सोळा वर्षं फिटर आहे. ब्रेकचे किस्से आहेत, क्लचचे आहेत, पण सगळ्यात जास्त जमलेत ते फाउंडेशनचे.

गाडीचं इंजिन सांगाड्यावर थेट बसवलेलं नसतं. मध्ये लोखंड आणि रबराचे तीन-चार ठोकळे असतात. कंपनीच्या पुस्तकात त्यांना इंजिन माउंट म्हणतात, आमच्यात फाउंडेशन. इंजिनची थरथर हे रबर पिऊन टाकतं. गाडी जुनी झाली की रबर फाटतं, आणि मग गाडी सिग्नलला उभी असली तरी आतला माणूस हलत राहतो. गंमत म्हणजे या दुखण्याकडं कुणाचं लक्षच जात नाही. लोक प्लग बदलतात, टायर बदलतात, मेकॅनिक बदलतात!

*

नानांची तपासायची पद्धत वेगळी. थरथरीची गाडी आली की नाना आधी पान्याला हात लावत नाहीत, चहा मागवतात. काठोकाठ भरलेला ग्लास डॅशबोर्डवर ठेवायचा, इंजिन चालू करायचं आणि किती सांडतो ते बघत गप उभं राहायचं. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलेलं असेल, तर त्याला वाटतं मेस्त्री कामचुकार आहे.

एकदा खंडाळ्याकडचे एक गुरुजी आले होते. नाना बॉनेट उघडायला पुढं गेले आणि मागं वळून बघतात तर ग्लास रिकामा! गुरुजी तोंड पुसत म्हणाले, "चहा फक्कड होता हो."

नाना कपाळाला हात लावून म्हणाले, "आवं गुरुजी, त्यो रिपोर्ट व्हता! तुमी पिऊन टाकला!"

*

आता तात्यांकडं येतो, कारण बाकीचं सगळं त्यांच्याच गाडीभोवती आहे.

सुभेदार तात्या तोफखान्यातून रिटायर झालेले. पांढरी छोटी गाडी, वीस वर्षं वापरलेली, पण आरशासारखी पुसलेली. त्या दिवशी गाडीतून आधी काकी उतरल्या आणि उतरता उतरताच म्हणाल्या, "नाना, आवं दात हालत्यात माजं!"

तात्या म्हणाले, "गाडी एकदम ओके हाय. हिचंच वय झालंय."

ग्लास ठेवला. मिनिटभरात अर्धा चहा डॅशबोर्डवर! मग मी आत बसलो, ब्रेक दाबून धरला, पहिला गिअर टाकला आणि क्लच जरासा सोडला. बॉनेट उघडंच होतं. इंजिन चांगलं मूठभर वर उसळलं.

नाना म्हणाले, "बघा तात्या, इंजिन सल्यूट मारतंय तुमाला."

तात्यांनी वाकून बघितलं. "ह्यो सल्यूट न्हाई. ही पीटी हाय."

तात्या पाणी प्यायला गेले तेव्हा काकींनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. त्यांचा मुलगा विनय पुण्यात असतो. मागल्या महिन्यात तो या गाडीत बसला आणि म्हणाला, गाडी संपली, आता तात्यांनी चालवायची नाही. येत्या रविवारी तो स्वतः येऊन बघणार होता. गाडी अशीच थरथरली, तर तिथल्या तिथं चावी काढून घेणार.

काकींची थोरली बहीण दहिवडीच्या पुढं एका वस्तीवर एकटी राहते. मेंढरं आहेत, ती सोडून ती कुठं जात नाही. म्हणून दर गुरुवारी तात्या काकींना तिकडं घेऊन जातात. एसटीची पायरी काकींच्या गुडघ्यांना चढवत नाही, आणि दहिवडीपासून वस्तीवर जायला दुसरं काही मिळत नाही.

"गाडी गेली तर आक्का गेली म्हनायचं," काकी म्हणाल्या. मला एकदम गावाकडं अशीच एकटी राहणारी माझी आत्या आठवली, आणि ही गाडी काही झालं तरी नीट करायची असं मी मनाशी ठरवून टाकलं.

*

तात्यांची गाडी खोलून ठेवली त्याच दिवशी माणचे एक आबा आले. तिकडचे मेंढपाळ, जुनी व्हॅन, आत दोन शेळ्या. काम ब्रेकचं होतं. मी खाली शिरलो आणि बघतच राहिलो. उजव्या बाजूला फाउंडेशनच्या जागी अख्खं पायताण दुमडून कोंबलेलं!

"आबा, ह्ये काय?"

"वाटंत रबर तुटलं. हाताशी त्येच व्हतं." आठ महिने त्याच्यावर गाडी चालली होती म्हणे!

नाना कुतूहलाचे. ते पायताण काढून त्यांनी उलटंपालटं करून चांगलं दहा मिनिटं बघितलं. मग आबांना समजावून सांगितलं, "ह्यो तळवा लय कडक हाय. कडक वस्तू थरथर पीत न्हाई, जशीच्या तशी फुडं ढकलती. मागं बसनाऱ्याची हाडं खिळखिळी व्हत्यात."

आबांनी व्हॅनकडं बोट केलं. "शेरडांनी कवा तक्रार केली न्हाई."

नवं फाउंडेशन बसवलं. आबा गाडीत बसले, परत उतरले. "ते पायताण द्या हिकडं. जोडीदार घरी पडून हाय!"

*

तात्यांच्या गाडीचं फाउंडेशन साताऱ्यात कुठंच मिळेना. सगळीकडं एकच उत्तर, "मॉडेल बंद झालं." नाना म्हणाले, सांगलीला जा, अण्णांकडं. आणि जुनं रबर बरोबर ने.

अण्णा मिरजेच्याही पलीकडचे, बोलणं थोडं कानडी वळणाचं. पेठेतल्या एका बोळात दुकान, छतापर्यंत जुन्या गाड्यांचे पार्ट. मी काउंटरवर रबर ठेवलं. त्यांनी नखानं दाबलं, नाकाशी नेलं, आणि चष्मा वर करून ज्योतिषानं हात बघावा तसं बघायला लागले.

"गाडी हळू चालवतो हा माणूस. खड्डा चुकवतो. पण रेस लय देतो, मग क्लच सोडतो. दर वेळी. ही चीर बघ, एकाच अंगानं गेलीय."

मी गारच पडलो. तात्या अगदी तसेच गाडी काढतात!

"कमी ऐकू येतंय काय त्यांना?"

"छे वो! कानाला मशीन हाय, सगळं ऐकू येतंय."

"असंल," अण्णा म्हणाले. "रबर तर दुसरंच सांगतंय."

मग शिडी लावून त्यांनी वरच्या फळीवरून धुळीचा खोका काढला. मी एकच मागत होतो, त्यांनी तिन्ही दिली. "एकच नवं घातलास की दोन म्हातारी त्याच्या जिवावर बसतात. मग तेबी जातंय."

परतताना एसटीत खोका मांडीवर होता आणि मी अण्णांचाच विचार करत होतो. रबरावरून माणसाचा कान कसा कळतो? मला ते काही केल्या उमगेना.

*

फाउंडेशन बसवताना मला दर वेळी माझं पहिलं वर्ष आठवतं. एका ऊसवाल्या बागायतदाराच्या गाडीत मी नवं रबर घातलं आणि सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. गाडी चालू केली तर थरथर दुप्पट!

बागायतदार म्हणाला, "आदी बरी व्हती की रं!"

नाना आले. त्यांनी मी आवळलेले सगळे बोल्ट सैल केले, इंजिन चालू केलं आणि त्याला जरा वेळ आपल्या आपण हलू दिलं. मग बंद करून एकेक बोल्ट आवळला. थरथर गायब! "आदी त्येचं त्येला बसू दे. मग आवळ," मला म्हणाले.

बागायतदारानं विचारलं, "मग ह्यो वरीसभर काय शिकला हितं?"

"आवळाय शिकला," नाना म्हणाले. "आता सोडाय शिकंल."

तात्यांच्या गाडीला मी तसंच केलं. खाली जॅक, जॅकवर लाकडाची फळी, फळीवर इंजिनचा भार. तिन्ही फाउंडेशन बदलली, इंजिनला बसू दिलं, मग आवळलं. ग्लास ठेवला. एक थेंब सांडला नाही. पाच मिनिटांनी बघतो तर चहावर साय धरलेली! सोळा वर्षांत असा रिपोर्ट आला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तो चहा सायीसकट पिऊन टाकला.

काकी सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "दात जाग्यावर आलं गं बाई!" तात्या मात्र सीट चाचपत बसले.

*

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी तात्यांचा फोन. "गाडी चालू व्हत न्हाई. ये."

मी त्यांच्या घरी गेलो. काकी बाजारात गेल्या होत्या. तात्या स्टेअरिंगवर बसले, चावी फिरवली. इंजिन लागलं. त्यांनी परत फिरवली. कर्र्र्र! स्टार्टरचे दात किंचाळले. परत फिरवली. कर्र्र्र!

"तात्या, चालू हाय की गाडी!" मी ओरडलो.

"कुटं हाय?"

मी त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला. हात तसाच राहिला.

मग म्हणाले, "तोफांनी कान गेलं बघ. मशीन लावलं की हॉर्न येतो, मानसाचं बोलनं येतं. पर ही बारीक घरघर मशीनच गाळून टाकतं. गाडी चालू का बंद, ह्ये मला रेस दिली की सीटवर बुडाला कळायचं. तुमी ती थरथरच बंद केली." आणि मग हळूच, "विनूला कळलं तर चावी गेलीच. काकीलाबी सांगू नगंस."

मला लय वाईट वाटलं. कालच्या चहाची चव तोंडातून पार गेली.

तात्यांना घेऊन गॅरेजात आलो आणि नानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, डॅशबोर्डवरचा लाल दिवा बघायला सांगू, दिवा विझला की गाडी चालू. तात्या म्हणाले, "उनात त्यो दिवा दिसतो कुनाला?" रविवारला दोन दिवस राहिले होते. एक उपाय सरळ होता, जुनं रबर परत घालायचं. पण मग विनय चावी नेणार, आणि काकींचे दात परत हलणार. नानांनी दोन चहा घेतले, डॅशबोर्डवर न ठेवता. मग ते माझ्या पायांकडं बघायला लागले.

"चप्पल काड. उजवी."

"आँ?"

"येवडं कडक आन् येवडं पातळ गॅरेजात दुसरं काय न्हाई."

गिअरच्या दांड्याच्या बुडाशी एक मऊ रबरी बुश असतो, दांड्यापर्यंत थरथर येऊ नये म्हणून. नानांनी तो काढला आणि माझ्या चप्पलेच्या तळव्याचा तेवढाच तुकडा कापून तिथं बसवला. तात्यांना आत बसवलं, डावा हात दांड्यावर ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "डोळं मिटा." मी बाजूनं हात घालून चावी फिरवली.

"हाय!" तात्या म्हणाले.

मी बंद केली.

"न्हाई."

परत चालू.

"हाय! हाय की रं!" तात्या मोठमोठ्यानं हसत होते. मी ग्लास ठेवून बघितला, चहा जागचा हलला नाही. त्या संध्याकाळी मी एका पायात चप्पल घालून घरी गेलो. बायकोनं विचारलं, दुसरी कुठाय? म्हटलं, कामावर आहे.

*

रविवारी विनय आला. तात्या स्टेअरिंगवर, विनय शेजारी, काकी आणि मी मागं. नानांनी खिडकीतून भरलेला ग्लास विनयच्याच हातात दिला, म्हणाले, तूच ठेव आणि तूच बघ.

तात्यांनी हात दांड्यावर ठेवला, चावी एकदाच फिरवली, एकदाच सोडली. ग्लास गप. विनयनं मिनिटभर बघितलं, मग चहा पिऊन टाकला. गाडी कोरेगाव रस्त्यानं लांबपर्यंत नेऊन परत आणली. विनय मागल्या महिन्यातलं काही सापडतंय का ते शोधत होता, पण सापडेना.

"ठीक आहे तात्या," तो शेवटी म्हणाला. "राहू दे गाडी."

मी श्वास सोडला. तेवढ्यात सीटबेल्ट काढताना त्याचा हात दांड्याला लागला.

"नाना, हा गिअरचा दांडा एवढा का थरथरतोय? तेवढी थरथर पण काढून टाका ना."

नाना फडक्यानं काच पुसायला लागले, काच स्वच्छ होती तरी. मी माझा उजवा, अनवाणी पाय सीटखाली ओढून घेतला. तात्या सरळ समोर बघत होते.

मागून काकी म्हणाल्या, "आसू दे रं विनू. तेवडी लागती."

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी गाडी गॅरेजासमोर थांबली. दोघं आक्कांकडून येत होते, मागच्या सीटवर बाजरीची पिशवी होती. काकी उतरल्या आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. सोडून बघतो तर नवीन चप्पल, माझ्याच नंबरची.

काकी म्हणाल्या, "मी उजवीच मागत व्हते. दुकानदार म्हनला जोडीच घ्या."