मास्तरांच्या हातातला नारळ

आज सुनेने नारळ फोडला आणि त्या वासाने साखळी गावचं मैदान आणि तरुणपणीची ती लढत डोळ्यांपुढे आली.

बॉक्सिंगचे पंच आमच्याच गावचे मास्तर. त्यांनी मला हरलेला ठरवलं, तसे माझे खाणीवरचे दोस्त पेटले. मास्तरांना ओढत देवळापुढे नेलं आणि हातात नारळ दिला.

"आण घे, मास्तर! खोटी घेतलीस तर निर्वंश होतलो तुजो!"

मास्तर म्हणाले, "देवाशपथ सांगतो, हा हरला."

"फटकिरो मेलो!" म्हणत, खोटारडा ठरवून सगळ्यांनी त्यांना गुरासारखं बडवलं. चष्मा पायाखाली चुरडला. मी दोस्तांच्या खांद्यावर बसून हसत होतो.

हरलो होतो मीच. दुसऱ्या फेरीत गुडघे लटपटले तेव्हाच मला कळलं होतं.

गावात आजही मी जिंकलो असंच सांगतो. देवळात नारळ ठेवायला मात्र सुनेला पाठवतो.