आज एका शिवीसाठी जीव जळला

मैत्रिणींनो, आज इथे शॉमबर्गमध्ये माझा चक्क एका शिवीवरून जळफळाट झाला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावतानाही डोक्यात तेच.

शेजारच्या एलेनी आजी ग्रीक आहेत. सहा वर्षं प्रत्येक सणाला मी त्यांना गोडाचं ताट नेऊन देते. आज त्यांच्याकडे कॉफीला मी होते आणि नुकतीच राहायला आलेली नागपूरची केतकी. केतकीने कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं. आजी खळखळून हसल्या, तिचा गाल ओढून म्हणाल्या, "हझूला!"

मी अर्थ विचारला.

"वेडाबाई! पण हसत म्हणायचं, आणि आपल्याच माणसाला. परकीला म्हटलं तर तिला राग येईल."

केतकी म्हणते, "बघा ना काकू, मला शिवी पडली यार!"

मग मीही मुद्दाम माझा कप लवंडवला. चांगली कॉफी वाया घालवताना जीव तुटला, पण घालवली.

आजी लगबगीने उठल्या, टेबल पुसलं आणि म्हणाल्या, "इट्स ओके, मिसेस कुलकर्णी."

इतका मान मला कधी टोचला नव्हता. तुम्हाला हक्काने वेडी म्हणणारं इथे कोणी आहे का गं?