तर्कराव आणि सुमनताईची पाठवणी

सुमनताईचं लग्न कवठे येमाईत ठरलं, तेव्हा मला भावना नव्हत्या.

म्हणजे मीच त्या बंद केल्या होत्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही यवतला राहायचो, मी आठवीत होते, आणि शाळेच्या गॅदरिंगला शास्त्राच्या सरांनी लिहिलेल्या नाटकात मी तर्कराव झाले होते. हा तर्कराव दूरच्या ग्रहावरून येतो. त्याला राग येत नाही, रडू येत नाही, सर्दीसुद्धा होत नाही. तो फक्त विचार करतो. (मुलांपैकी कोणी तयार होईना, कारण डोक्यावर चंदेरी कागद लावलेला रॉकेलचा डबा घालायचा होता. मी घातला. पुढे आठवडाभर केसांना वास येत होता.)

नाटकात एका मुलीची शेळी हरवते. सगळं गाव तिला रडू नको, रडू नको म्हणतं आणि ती जास्तच रडते. तर्कराव तसं म्हणत नाही. तो विचारतो, "कारण सांग." ते झालं की, "पुढचं कारण." कारणं संपली की सपाट आवाजात म्हणतो, "मला रडता येत नाही. पण मी इथं बसू शकतो." आणि बसतो. एवढंच. पण त्या बसण्यावर आमच्या अण्णांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले होते.

मला ते फारच पटलं. डबा काढला तरी तर्कराव उतरेना. आईने पाठीत धपाटा घातला की मी म्हणायचे, "वेदना नोंदवली." मग दुसरा बसायचा. तोही नोंदवायचे.

तर लग्नाचा दिवस. जेवणं उरकली, बाहेर वऱ्हाडाचा ट्रक लागला, बँडवाले पाठवणीच्या गाण्याला उभे राहिले. आमच्याकडे तेव्हा नवरीने सगळ्या बायांच्या गळ्यात पडून, मानाप्रमाणे, एकेक करून रडायचं असे. कोरड्या डोळ्यांनी निघालेल्या नवरीचं नाव सासरी तिच्याआधी पोचायचं. पण ताईने हळदीपासूनच सुरुवात केली होती. पोटात अन्न नाही, घशात आवाज नाही, आणि आता धान्याच्या खोलीत पोत्यावर बसून ती उठायलाच तयार नव्हती.

आई मला म्हणाली, "जा, जरा गप कर तिला. चक्कर येऊन पडंल."

मी समोर जाऊन ताठ उभी राहिले. "कारण सांग."

ताईने हुंदका दिला. "आई..."

"आई शिरूरला एक एस्टी बदलली की तुझ्या दारात. पुढचं कारण."

"अण्णांच्या पथ्याचं कोण बघंल?"

"मी. पुढचं."

"म्हस," ताई म्हणाली आणि तिला उमाळाच आला. "माझ्याबिगर कुणाला धार काढू देत न्हाई ती. सकाळपासनं वैरणीला तोंड लावलं नसंल बघ तिनं."

मी खिडकी उघडली. म्हशीने दावं सोडवून घेतलं होतं आणि मांडवाच्या दाराशी बांधलेले आंब्याचे डहाळे ती तब्येतीत खात होती. एक खांब संपवून दुसऱ्याकडे वळली होती. वळताना तिच्या शिंगाला नवरदेवाच्या मुंडावळ्या लोंबत होत्या.

ताई बघत राहिली. मग तिच्या नाकातून एक बारीक आवाज आला. पुढच्या क्षणी ती पोत्यावर आडवी पडून हसत होती!

(तर्कराव यशस्वी. मी मनात टाळी घेतली.)

दारात ताई आत्याच्या गळ्यात पडली आणि हसली. चुलतीच्या गळ्यात पडली, पुन्हा फिस्सकन हसली. क्लॅरिनेटवाल्याने सूर मध्येच सोडला. ट्रकजवळ उभ्या असलेल्या तिच्या सासूबाईंनी पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला.

आत्या दातओठ खात पुटपुटली, "पोरगी हसत निघाली म्हंजी म्हायेराला कटाळली व्हती, आसंच म्हंत्याल न्हवं?" आणि तिने ताईच्या दंडाला चिमटा काढला. ताईला गुदगुल्या झाल्या.

आईने माझं बखोट धरलं. "तूच हसवलीस न्हवं? आता तूच रडव."

तर्करावाला हेही अवघड नव्हतं. फक्त उलट जायचं होतं. मी ताईसमोर उभी राहिले आणि कारणं मोजायला लागले. "आजपासून रात्री वाकळंवर तू नाहीस. सकाळी वेण्या घालायला तू नाहीस. धपाटे बसताना मधे पडायला तू नाहीस. अंधारात मागल्या दाराला जायचं झालं तर..."

इथे माझ्या लक्षात आलं की ही सगळी कारणं माझीच आहेत.

मग जे काही झालं, त्याला यवतात कितीतरी वर्षं तोड नव्हती. मी भोंगा पसरला तो पार हायवेवरच्या धाब्यापर्यंत गेला म्हणतात. माझं बघून आई रडली, आत्या रडली, क्लॅरिनेटवाला रडला. रडली नाही ती ताई. ती माझं नाक पुसत होती. सासूबाई पुढे आल्या, स्वतःच्या पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "एवढी माया लावली व्हय गं बहिणीनं? चल, तू पण चल. पाठराखीण म्हणून." ताईवरचा डाग असा माझ्या शेंबडाने धुतला गेला.

ट्रकमध्ये मी उचक्या देत होते. ताईने माझा हात मांडीवर घेतला आणि सपाट आवाजात म्हणाली, "कारण सांग."

मी सांगितलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "मला आता रडता येत न्हाई. पन मी इथं बसू शकते."

आणि शिरूर येऊन गेलं तरी ती तशीच बसून राहिली.

कवठ्यात दारावर भाकरतुकडा घेऊन एक म्हातारी आली. तिला दिसायचं कमी. तिने दोघींची तोंडं चाचपली. एक कोरडं, एक ओलं. आणि ओलं ते नवरीचं समजून परकर-पोलक्यातल्या मलाच ओवाळून तुकडा टाकला.

पुढे माझ्या लग्नात मी एक टिपूस गाळलं नाही. लोक म्हणाले, पोरगी दगड आहे. त्यांना काय सांगणार, माझी पाठवणी आधीच एकदा होऊन गेली होती!